दोन खाचांचा बोर्ड

माझा भाऊ मधुसूदन चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि आजवर त्याने स्टुडिओत आलेल्या एकाही माणसाला फोटो काढल्याशिवाय परत पाठवलं नव्हतं. लाइट गेली तर खिडकी उघडून काढला, ताप आला तर गोळी घेऊन काढला. यंदा मे महिन्यात एका शनिवारी मात्र त्याने पारशिवनीहून बसने आलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला सांगितलं, "आज उजेड बरोबर नाही. मंगळवारी या." बाहेर ऊन मी म्हणून राहिलं होतं. आणि हा म्हणे उजेड नाही.

मी त्याची धाकटी बहीण, यमू. गिऱ्हाइकं यमुताई म्हणतात. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाले. वहिनी गेल्यापासून दादाकडेच राहते, इथे धरमपेठेत. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं. लग्न काहून नाही केलं ते विचारू नका, या गोष्टीत त्याचं काही काम नाही.

कॅमेऱ्याचं मात्र सांगावं लागेल. बाबांच्या वेळचा लाकडी कॅमेरा आहे, तीन पायांवर उभा, मधे कातड्याचा भाता, मागे घासलेली काच. दादा डोक्यावर काळं कापड घेतो आणि त्या काचेवर समोरच्या माणसाचं चित्र बघतो. ते उलटं दिसतं, डोकं खाली आणि पाय वर. कॅमेऱ्याच्या तोंडाशी एक चौकोनी लाकडी पाटी असते, तिच्या मधोमध भोक आणि त्या भोकात पितळेची लेन्स. त्या पाटीला आमच्याकडे बोर्ड म्हणतात. लेन्स बदलायची म्हणजे वरची खिट्टी सरकवायची, अख्खा बोर्ड काढायचा आणि दुसरा बसवायचा. आमचे तीन बोर्ड. अंधारातही बोटांना कळावं म्हणून बाबांनी त्यांच्या कडेला खाचा पाडून ठेवल्या होत्या. एक खाच म्हणजे ग्रुप फोटोची लेन्स, दोन खाचा म्हणजे चेहऱ्याची, तीन म्हणजे दूरची, ती आता कोणी मागत नाही.

कामाची वाटणीही बाबांनीच करून दिली होती. दादा कापडाखाली, मी समोर. तो आतून म्हणणार "दोन", की मी दोन खाचांचा बोर्ड लावणार. सोळा वर्षांची होते तेव्हापासून हेच. त्याने कधी बोर्डाला हात लावला नाही आणि मी कधी कापडाखाली डोकं घातलं नाही. सुरुवातीला एकदा म्हटलं होतं, मलाही बघू दे. "तुझं काम समोर," म्हणाला. मग मीही काही कमी हट्टी नाही. बावन्न वर्षांत पुन्हा मागितलं नाही.

दादाचा डावा डोळा काचबिंदूने बारा वर्षांपूर्वी गेला. गेला म्हणजे पूर्णच गेला. उजव्यातही तोच आजार आहे, पण थेंबांवर थांबून आहे. सकाळ-संध्याकाळ थेंब, तीन महिन्यांनी तपासणी, आणि मधे काही धूसर दिसलं तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलंय. डावा गेला तेव्हाच त्याने मला सांगून टाकलं होतं, तेही वरणभात कालवता कालवता. "यमू, ज्या दिवशी काचेवर माणसाचे डोळे मला साफ दिसणार नाहीत, त्या दिवशी कॅमेरा पुण्याच्या त्या माणसाला देऊन टाकायचा. मग रडारड करायची नाही." पुण्यात जुने कॅमेरे जमवणारा एक जण आहे. दर दिवाळीला फोन करून प्रकृती विचारतो. कोणाची, ते मला चांगलं ठाऊक आहे.

तर त्या शनिवारच्या आदल्या दिवशी काय झालं ते आधी सांगते, कारण तिथेच सगळी माती खाल्ली आणि ती मीच खाल्ली.

दोन खाचांचा बोर्ड तडकला होता. कूलरची ओल आणि दुपारची ती कोरडी आग, लाकूड तरी किती सोसणार? फटीतून उजेड आत शिरू लागला. मी बोर्ड घेऊन गोकुळपेठेत धोंडबाकडे गेले. धोंडबा सुतार, आमच्याच वयाचा. "ताई, हे सत्तर साल पुरानं लाकूड हाय, तडकनच ना वं," असं म्हणत त्याने जुना बोर्ड समोर ठेवून तंतोतंत तसाच सागवानी बोर्ड करून दिला. भोकही तेवढंच. खाचा मात्र मी पाडून घेतल्या. "काहून पायजे?" त्याने विचारलं. म्हटलं, तू पाड बापा, दोन पाड.

घरी आल्यावर जुन्या बोर्डावरची, लेन्स धरणारी पितळी कडी स्क्रू काढून नव्यावर बसवली आणि लेन्स तिच्यात फिरवली. तेवढ्यात दिसलं, नव्या भोकातला भुसा लेन्सच्या मागच्या काचेला चिकटलाय. या लेन्सच्या मागच्या बाजूला दोन काचा असतात, मधे बारीक पितळी रिंग. मागचं कडं उघडलं की तिन्ही वस्तू सुट्या तळहातावर येतात. मी त्या काढल्या, मऊ धोतराच्या तुकड्याने पुसल्या. प्रत्येक काचेच्या कडेवर बाबांनी पेन्सिलीने केसाएवढा बाण काढून ठेवलाय. बाणाचं टोक फोटोवाल्या माणसाकडे हवं. हे मला सोळाव्या वर्षापासून पाठ आहे. तेवढ्यात गॅसवर दूध उतू जायला लागल्याचा वास आला. माझा जवळचा चष्मा फ्रिजवर. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून दूरचं मला एकदम लख्ख दिसतं, जवळचं मात्र चष्म्याशिवाय नाही, पण बोटांना सवय आहे म्हणून मी चष्म्याला उठले नाही. काचा ठेवल्या, कडं फिरवलं आणि दुधाकडे पळाले.

दूध गेलंच होतं.

शनिवारी अकराच्या सुमारास पारशिवनीचे गणपतराव आणि पुष्पलताबाई आले. लग्नाला पन्नास वर्षं झालेली. पन्नास वर्षांपूर्वी वरात परतताना नागपुरात थांबून त्यांनी दादाकडून जोडीचा फोटो काढून घेतला होता. तो फोटो पिशवीत गुंडाळून आणलेला. पुष्पलताबाईंनी मला दाखवला. "ताई, आता तसाच काढा. मी तशीच बसते, ते तसेच उभे राहतात. याच मशीननं." मला बरं वाटलं. मी त्यांची खुर्ची लावली, पदर सारखा केला, दादा आतून म्हणाला "दोन" आणि मी नवा बोर्ड बसवला.

दादा कापडाखाली गेला. एरवी चित्र साफ करायला त्याला अर्धा मिनिट लागतो. बाजूची चक्री थोडी पुढे, थोडी मागे, झालं. त्या दिवशी चक्री फिरतच राहिली. पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे. मला समोरून भात्याच्या घड्या उघडताना-मिटताना दिसत होत्या. पुष्पलताबाईंची पापणीही हलत नव्हती, बिचारी एवढा वेळ बसून राहिली होती. मग भाता थांबला. दादा आत तसाच उभा. मला त्याचे फक्त पाय दिसत होते, आणि एका पायाची बोटं चपलेत आवळलेली.

बाहेर आला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. तेव्हाच ते उजेडाचं बोलला.

ते गेल्यावर मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. गरम होऊन राहिलंय."

"थेंब टाकले होते ना?"

"यमू, तू चहा कर."

मी चहा केला. घेतला नाही त्याने. काळं कापड घडी घालून, चार कोपरे जुळवून, कपाटात ठेवून दिलं. ते कापड मी जन्मात कधी कपाटात पाहिलं नव्हतं, खिळ्यावरच असायचं. मी समजले. काचेवर डोळे साफ दिसले नाहीत.

रविवारी सकाळी त्याने पेपर उघडला नाही. एरवी दिवसाची निम्मी भांडणं आमची पेपरवरून. मी म्हटलं, डॉक्टरांना फोन करते. "गुरुवारी तपासणी आहेच की," म्हणाला. धूसर दिसलं तर लगेच या म्हणून सांगितलंय त्यांनी, मी म्हटलं. तर चिडला. "येऊन काय होणार? जे गेलं ते डॉक्टर आणून देणार आहे का? डाव्याच्या वेळी दिलं आणून?" मग मीही चिडले आणि दुपारपर्यंत आम्ही बोललो नाही. पण कान माझे त्याच्याकडेच. दुपारी बाहेर येऊन बघते तर तो व्हरांड्यातून न्हाणीघराकडे चाललेला. डोळा मिटून. एक हात भिंतीला, ओठ हलून राहिलेले. पावलं मोजत होता. नळापर्यंत आला, हात पुढे केला, नळ सापडला नाही. पुन्हा मागे जाऊन पहिल्यापासून मोजायला लागला.

मी दाराआड उभी राहिले. आवाज दिला असता तर त्याला लाज वाटली असती. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्याच्यावर नाही, कोणावर ते कळत नव्हतं. रात्रीच्या भाजीत दोनदा मीठ पडलं. त्याने निमूट खाल्लं.

सोमवारी सकाळी त्याने मला पुण्याच्या माणसाचा नंबर शोधून ठेवायला सांगितलं. मंगळवारी गणपतरावांना काय सांगायचं, असं मी विचारलं, तर म्हणाला, "धंतोलीत दुसरा स्टुडिओ आहे, तिकडे पाठव. आताचे कॅमेरे चांगले आहेत." हे वाक्य त्याच्या तोंडून. मी नंबर शोधलाच नाही. म्हटलं, डायरी सापडत नाही.

दुपारी तो झोपला. मी स्टुडिओत जाऊन बसले. मनात एकच, की हे सगळं उद्यापरवा पेटीत बांधलं जाणार. मग वाटलं, जाणारच आहे तर एकदा बघून तरी घ्यावं. बावन्न वर्षं समोर उभी राहिले, त्याला आत दिसतं काय? कपाटातून कापड काढलं. जवळचा चष्मा घातला. खुर्चीवर माझी पर्स ठेवली, मागे भिंतीवर कॅलेंडर होतंच. कापडाखाली गेले. घामाचा आणि त्याच्या खोबरेल तेलाचा वास. डोळा सरावल्यावर काचेवर खुर्ची दिसली, उलटी. धूसर. मी चक्री फिरवली. पुढे नेली, मागे आणली. मधोमध कुठेच साफ येईना. भिंग लावून बघितलं तरी तेच, कडेला तर सगळं घुसळल्यासारखं.

पहिलं मनात आलं की आता माझेही डोळे गेले. बाहेर येऊन कॅलेंडर वाचलं, वाचता येत होतं. मग मी आयुष्यभर केलं तेच केलं. बोर्ड बदलला. दोन खाचांचा काढून एका खाचेचा लावला आणि पुन्हा आत गेले. चक्री थोडी फिरवली आणि कॅलेंडरचे आकडे उलटे पण असे लख्ख उभे राहिले की शेजारच्या पोथीच्या दुकानाची जाहिरातही वाचली.

म्हणजे दादाचा डोळा नव्हता. लेन्स होती. त्याने दुसरा बोर्ड मागितला असता तर त्यालाही कळलं असतं, पण लेन्सचा संशय त्याला कसा येणार? लेन्स तर यमू लावते ना.

मी दोन खाचांचा बोर्ड टेबलावर घेतला, मागचं कडं उघडलं, चष्म्यातून कडा बघितल्या. एका काचेचा बाण पुढे होता. दुसऱ्याचा मागे. दोन दिवस माझ्या भावाने नळापर्यंतची पावलं मोजली, ती माझ्या एका काचेपायी. कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

काच फिरवली, बसवली, बोर्ड लावला, बघितलं. साफ. पर्सचा हुकसुद्धा.

तो उठल्यावर मी म्हटलं, "दादा, एकदा बघ ना कापडाखाली." नाही म्हणाला. मी हात धरूनच नेलं. खुर्चीत स्वतः जाऊन बसले आणि म्हटलं, बघ. चक्री फिरली, अर्धा मिनिटही नाही. थांबली. बराच वेळ तो आतच होता. मग आतून म्हणाला, "यमू, तुझ्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे."

बाहेर आला तेव्हा दहा वर्षांनी लहान दिसत होता. "थेंबांनी काम केलं बघ. शनिवारी उष्म्याने झालं असेल." शर्टाच्या टोकाने डोळा पुसला. "गुरुवारचं रद्द करून टाक. आता कशाला उगाच त्या मशीनमध्ये डोकं घालायचं?"

इथे मी गप्प बसू शकले असते. देवाशप्पथ, बसणारही होते. तो खूश होता, माझी इज्जत शाबूत होती, बोर्ड नीट होता. पण गुरुवार रद्द करणार म्हणाला. थेंबांनी बरं झालं असं समजून तो तपासण्या टाळणार, आणि एक दिवस खरंच धूसर होणार, आणि तेव्हा म्हणणार, उष्म्याने होऊन राहिलं असेल. मी गॅसजवळ गेले, चहाचं भांडं ठेवलं, आणि त्याच्याकडे न बघता सगळं सांगून टाकलं. भुसा, दूध, फ्रिजवरचा चष्मा, उलटा बाण.

त्याने चपला घातल्या आणि बाहेर गेला. चार वाजता, त्या उन्हात, टोपी न घेता.

पाच वाजले. सहा वाजले. मी तीनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. एका डोळ्याचा माणूस, डावीकडून आलेली गाडी त्याला दिसत नाही, आणि डोक्यात राग. शेजारच्या भूमिकाला स्कूटरवर पाठवणार होते तेवढ्यात तो आला. घामाने निथळत, हातात संत्र्याच्या बर्फीचा पुडा. टेबलावर ठेवला.

"धोंडबाकडे गेलो होतो," म्हणाला. "बोर्ड छान केलाय म्हणून सांगितलं." पाणी प्यायला. मग म्हणाला, "यमू, मला नळ सापडत नव्हता."

"माहीत आहे," मी म्हटलं. "मी बघत होते." आणि मग मी रडले, तो नाही. त्याने पुडा उघडून माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाला, गुरुवारी जाऊ.

मंगळवारी अकरा वाजता गणपतराव-पुष्पलताबाई आले. तीच साडी, तीच पिशवी. "आज उजेड हाय का भाऊ?" गणपतरावांनी विचारलं. आहे, दादा म्हणाला. त्याने कापड डोक्यावर घेतलं, "दोन" म्हणाला, मी बोर्ड लावला. चक्री फिरली, थांबली. मी कॅमेऱ्यासमोरून बाजूला झाले, आता फिल्मचा डबा मागे जाणार म्हणून. आता काचेच्या प्लेटा मिळत नाहीत, दादा एक्स-रेची फिल्म लाल दिव्यात कापून वापरतो.

पण दादाने डबा मागितला नाही. तो कापडाखालून बाहेर आला, कापड वर उचलून धरलं आणि मला म्हणाला, "ये. बघ."

"मी कशाला? परवा माझ्याने—"

"बघ म्हणतो ना."

मी चष्मा लावून आत गेले. काचेवर दोघं उलटे उभे. पुष्पलताबाईंच्या मंगळसूत्रातला एकेक मणी मोजता येत होता, गणपतरावांच्या कोटाचं बटणही. चेहरे बरे दिसत होते. पण भिंग लावलं तर डोळे साफ नव्हते. किंचित, कोणाला सहज कळणार नाही इतकं. लेन्स बरोबर होती, बाण मी सकाळी दोनदा तपासले होते. ही लेन्सची चूक नव्हती.

माझ्या हाताखाली चक्री होती. केसभर फिरवली असती तर त्याला कळलंही नसतं. मी म्हणाले असते, एकदम साफ आहे दादा, आणि तो खूश झाला असता, आणि फोटोही चांगला आला असता. बाहेर तो माझ्या बाजूलाच उभा, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मला कळलं की तोही थांबलाय, आणि काहून मला बोलावलं तेही कळलं. त्याला खरं ऐकायचं होतं.

"दादा," मी आतूनच म्हटलं, "डोळे नाही आले. मंगळसूत्र आलंय."

"मग तू फिरव," म्हणाला.

मी फिरवली. पुष्पलताबाईंचे डोळे आले, मग गणपतरावांचेही. "आले," मी म्हटलं. दादा समोर गेला, माझ्या जागी. झाकणाची टोपी लेन्सवर बसवली, मी मागे डबा सरकवला. या लेन्सला शटर नाही, टोपी काढायची, मोजायचं आणि पुन्हा लावायची. त्याने टोपी काढली. "एक, दोन," मोठ्याने मोजलं आणि लावली. पुष्पलताबाईंनी सुस्कारा सोडला.

डार्करूममध्ये लाल दिव्यात त्याला फारसं दिसत नाही. तो माझ्या बाजूला स्टुलावर बसून राहिला. मी तबकात फिल्म हलवत होते. आधी खुर्ची आली, मग कोट, मग चेहरे.

"डोळे आले?" त्याने विचारलं.

"आले."

"दोघांचे?"

"चारही."

मग तो म्हणाला, "दिवाळीला त्या पुण्याच्या माणसाचा फोन आला की तू घे."

"काय सांगू?"

"सांग, आता कॅमेऱ्यामागे बहीण असते."

मी फिल्म उचलून साध्या पाण्याच्या तबकात टाकली आणि हलवत राहिले.